आर्बिटर पफ मशीन लर्निंगच्या हल्ल्यापुढे टिकवायचे कसे? मोटर स्टार्टरच्या ओळख-पडताळणीबाबत मार्गदर्शन हवे

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स हा विषय शिकवते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर हार्डवेअर सुरक्षेच्या प्रकल्पावर काम करताना एका टप्प्यावर आम्ही अडलो आहोत. या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत मिळाले तर विद्यार्थ्यांच्या पुढील सत्राची दिशा ठरवता येईल.

प्रकल्पाची सुरुवात शिवाजी उद्यमनगरातील एका उद्योजकांच्या अडचणीतून झाली. ते शेतीपंपांसाठी मोबाइलवरून चालणारे स्टार्टर बनवतात. पंचगंगा आणि भोगावतीच्या काठावरील उपशाच्या मोटारी वीज येईल त्या वेळी, म्हणजे पुष्कळदा रात्री-अपरात्री चालू कराव्या लागत असल्यामुळे अशा स्टार्टरना आपल्या भागात चांगली मागणी आहे. त्यांच्या बोर्डाच्या हुबेहूब नकला बाजारात येऊ लागल्या आहेत. नकली बोर्ड त्यांच्याच सर्व्हरला जोडले जातात, सेवा फुकट वापरतात, आणि मोटर जळाली की शेतकरी तक्रार घेऊन मूळ कारखान्याच्या दारात येतो. अस्सल बोर्ड सर्व्हरला ओळखता यावा, एवढी त्यांची मागणी आहे.

फ्लॅश मेमरीत साठवलेली गुप्त किल्ली वाचून काढता येते, म्हणून आम्ही पफकडे, म्हणजे फिजिकली अनक्लोनेबल फंक्शनकडे वळलो. आर्टिक्स-७ एफपीजीएवर, म्हणजे आतील जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपवर, ६४ टप्प्यांचा आर्बिटर पफ बसवला. ज्यांना या रचनेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकच सिग्नल दोन समान दिसणाऱ्या मार्गांवर एकाच क्षणी सोडला जातो. प्रत्येक टप्प्यावर चॅलेंजमधील, म्हणजे चिपला प्रश्न म्हणून दिलेल्या बिटांमधील, एक बिट ठरवतो की दोन्ही मार्ग सरळ पुढे जावेत की परस्परांत अदलाबदल व्हावी. शेवटी जो सिग्नल आधी पोहोचतो त्यावरून लॅच (कोण आधी आले ते धरून ठेवणारे मंडल) ० किंवा १ असा रिस्पॉन्स देतो. चिप तयार होताना ट्रान्झिस्टर आणि तारांमध्ये राहून जाणारे सूक्ष्म फरक प्रत्येक चिपमध्ये वेगळे असल्यामुळे एकाच चॅलेंजला दोन चिपा वेगवेगळी उत्तरे देतात. कारखान्यात काही चॅलेंज-रिस्पॉन्स जोड्या नोंदवून ठेवायच्या आणि पुढे सर्व्हरने त्यातील चॅलेंज पाठवून उत्तर ताडून पाहायचे, अशी आमची योजना होती.

गटातील एका विद्यार्थिनीने काही हजार जोड्यांवर लॉजिस्टिक रिग्रेशनचे, म्हणजे मशीन लर्निंगमधील एका साध्या वर्गीकरण-पद्धतीचे, मॉडेल शिकवले, आणि न पाहिलेल्या चॅलेंजची उत्तरेही ते मॉडेल जवळजवळ बिनचूक सांगू लागले. अशा चार साखळ्या शेजारी ठेवून त्यांच्या उत्तरांचे एक्सऑर केल्यावर (१ ची संख्या विषम असेल तरच १) मॉडेलला अधिक जोड्या आणि अधिक वेळ लागला, पण तेही शिकले. साखळ्या आठ-दहापर्यंत वाढवाव्यात तर त्याच बोर्डाचे उत्तर एकसारखे येईनासे होते. विद्यार्थ्यांनी आणखी दोन उपाय सुचवले आहेत: रिस्पॉन्समधील काही बिट मुद्दाम उलटवणे, आणि चॅलेंजचे बिट पफमध्ये जाण्यापूर्वी गुप्त क्रमाने फिरवणे.

या दोन उपायांत तथ्य आहे का, मशीन लर्निंगला न जुमानणारी एखादी पफ रचना आज उपलब्ध आहे का, आणि नसेल तर पफ या मार्गाने आम्ही पुढे जावे की नाही, याबद्दल सविस्तर लिहावे ही विनंती.

शिवाजीपेठ_सर्किट यांचे उत्तर

मॅडम, प्रश्न नेमका मांडला आहे, आणि हल्ला स्वतःच करून पाहिला हे विशेष चांगले झाले. मी मूळचा कोल्हापूरचा असून सध्या पुण्यात चिपांच्या सुरक्षा-तपासणीचे काम करतो. आधी मॉडेल इतक्या सहज का शिकते ते लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

६४ बिटांचे चॅलेंज म्हटले की २ चा ६४ वा घात इतकी चॅलेंज संभवतात, आणि हा आकडा पाहून सुरक्षिततेबद्दल गैरसमज होतो. त्या सगळ्या उत्तरांच्या मागे असणाऱ्या अज्ञात राशी मात्र फक्त ६५ आहेत. प्रत्येक टप्पा दोन मार्गांमधील विलंबाच्या फरकात आपली थोडी भर घालतो. त्यानंतरच्या टप्प्यांवर मार्गांची जितक्या वेळा अदलाबदल होईल तितक्या वेळा त्या भरेचे चिन्ह उलटते. म्हणून चॅलेंजमधील ० च्या जागी +१ आणि १ च्या जागी −१ घ्यावा, आणि प्रत्येक टप्प्यासाठी त्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंतच्या सर्व चिन्हांचा गुणाकार करावा. असे केले की एकूण विलंब-फरक म्हणजे या गुणाकारांची आणि टप्प्यांच्या वजनांची साधी बेरीज उरते, आणि रिस्पॉन्स म्हणजे त्या बेरजेचे चिन्ह. एका सरळ प्रतलाने बिंदूंचे दोन भाग करणे हे लॉजिस्टिक रिग्रेशनचे अगदी मूलभूत काम आहे. तेव्हा मॉडेलने इथे काही अचाट केले असे नाही. मंडलाची रचनाच त्याला सोयीची आहे.

आर्बिटर पफची कल्पना एमआयटीत २००२ ते २००४ या काळात पुढे आली, आणि तो मॉडेलने शिकता येतो ही शंका तेव्हापासूनच व्यक्त होत होती. २०१० साली रुहरमायर आणि सहकाऱ्यांनी ती आकड्यांत मांडली. ६४ टप्प्यांच्या एका साखळीसाठी ६४० जोड्यांत ९५ टक्के अचूकता मिळाली, आणि १८,०५० जोड्यांत ९९.९ टक्के, तीही एका सेकंदाच्या आत. एक्सऑर रचनेत ९९ टक्के अचूकतेसाठी चार साखळ्यांना १२,००० जोड्या आणि चार मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला, पाच साखळ्यांना ८०,००० जोड्या आणि सुमारे दोन तास, तर सहा साखळ्यांना २,००,००० जोड्या आणि ३१ तास. ही मोजणी सिम्युलेशनमधील गोंगाटरहित, म्हणजे उत्तर कधीच न डळमळणाऱ्या, जोड्यांवर केलेली होती, आणि यंत्रे त्या काळातली होती. आजची यंत्रे आणि पद्धती याच्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत.

आता हे आकडे आपल्या स्टार्टरला लावून पाहू. एका पडताळणीला १२८ जोड्या खर्च होतात असे धरले, तर एकच साखळी असताना नुसत्या पाच पडताळण्या चोरून ऐकणाऱ्याच्या हाती ६४० जोड्या येतात. चार साखळ्यांसाठी सुमारे ९४ पडताळण्या पुरतात. मोटर दिवसातून दोनदा चालू होत असेल तर ते दीड महिन्याचे काम झाले. सहा साखळ्या असल्या तरी याच हिशेबाने दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल, आणि शेतकरी स्टार्टर त्याहून कितीतरी अधिक वर्षे वापरतो. शिवाय नक्कल करणारा ऐकत बसणार नाही. तो एक बोर्ड विकत घेईल, टेबलावर ठेवील आणि हवी तितकी चॅलेंज एका दुपारी विचारून घेईल.

साखळ्या वाढवण्यावरची मर्यादा तुम्हाला दिसलीच आहे. एका साखळीचे उत्तर १०० पैकी ३ वेळा बदलत असेल, तर चार साखळ्यांच्या एक्सऑरचे उत्तर सुमारे ११ वेळा बदलते आणि दहा साखळ्यांचे सुमारे २३ वेळा. सर्व्हरला एवढी चूक खपवून घ्यावी लागली, तर जेमतेम बरे मॉडेलही अस्सल बोर्ड म्हणून पास होते.

याहून गंभीर बाब अशी की हे बदलणारे उत्तर स्वतःच माहिती फोडते. २०१५ साली बेकर यांनी दाखवले की एकच चॅलेंज पुन्हा पुन्हा विचारून कोणते उत्तर डळमळते एवढेच पाहिले, तरी प्रत्येक साखळी स्वतंत्रपणे शिकता येते. उत्तर डळमळते याचा अर्थ कोणत्या तरी एका साखळीतील विलंब-फरक शून्याच्या अगदी जवळ आहे. सीएमए-ईएस नावाच्या उत्क्रांती-पद्धतीने त्या साखळीची वजने शोधली जातात, मग पुढची साखळी, मग त्याच्या पुढची. यामुळे हल्ल्याचे कष्ट साखळ्यांच्या संख्येबरोबर घातांकाने न वाढता जवळजवळ सरळ प्रमाणात वाढतात, आणि एक्सऑरवर ठेवलेला भरवसाच नाहीसा होतो. आपल्या नदीकाठच्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्याची उष्णता आणि शेतीच्या फीडरवरचा खालीवर होणारा दाब असताना उत्तरे मुळातच डळमळणार. टेबलावर बोर्ड घेऊन बसलेला हल्लेखोर तर पुरवठ्याचा दाब मुद्दाम कमी करून ती अधिक डळमळवू शकतो.

मशीन लर्निंगला न जुमानणाऱ्या रचनेबद्दल विचारले आहे, तर त्या शोधाचा इतिहास सांगणे भाग आहे. फीड-फॉरवर्ड आर्बिटर आला (त्यात मधल्या टप्प्याचा निकाल पुढच्या टप्प्याचा चॅलेंज-बिट ठरवतो), तो २०१० च्याच अभ्यासात शिकला गेला. २०१९ साली इंटरपोज पफ आला. त्यात वरच्या पफचे एक उत्तर खालच्या पफच्या चॅलेंजमध्ये मधोमध घुसवले जाते, आणि त्या वेळी माहीत असलेल्या हल्ल्यांचा, बेकर यांच्या हल्ल्यासह, नीट विचार करून ती रचना केलेली होती. पुढच्याच वर्षी विझिओल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही थर आळीपाळीने शिकून तीही मोडली: घुसवलेला बिट आधी अंदाजाने धरायचा, खालचा थर शिकायचा, त्यावरून वरचा, आणि मग पुन्हा खालचा. माझे स्पष्ट मत असे की अधिक गुंतागुंतीचा पफ शोधण्यात विद्यार्थ्यांचे सत्र घालवू नये. हल्लेखोराच्या हाती जोड्या जाणारच नाहीत, किंवा मोजक्याच जातील, अशी व्यवस्था करण्याकडे लक्ष द्यावे.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या दोन उपायांविषयी: बिट मुद्दाम उलटवले तर मॉडेलला थोड्या अधिक जोड्या लागतील, इतकेच. लॉजिस्टिक रिग्रेशन बऱ्यापैकी गोंगाट पचवते, आणि उलटवलेले बिट सर्व्हरलाही चूक म्हणूनच सोसावे लागतात. गुप्त क्रमाचा उपाय तर ज्या अडचणीतून बाहेर पडायचे तिथेच परत आणतो. तो क्रम कुठे तरी साठवावा लागेल, आणि तसे सुरक्षित साठवण्याची जागा असेल तर तिथे सरळ किल्लीच ठेवता येईल.

गोकुळशिरगावकर यांचे उत्तर

वरचे विवेचन उत्तम आहे. मी गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत नियंत्रक बोर्डांचे डिझाइन करतो, त्यामुळे उत्पादनाच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट ही की स्टार्टरच्या बोर्डावर एफपीजीए कुणी बसवणार नाही. तिथे एक साधा मायक्रोकंट्रोलर आणि जीएसएम मोड्यूल असते. किल्ली जपण्यासाठीच बनवलेल्या सुरक्षित चिपा बाजारात मिळतात, उदाहरणार्थ मायक्रोचिपची एटीईसीसी६०८. तिच्यात खासगी किल्ली आतच तयार होते आणि बाहेर येत नाही; सर्व्हरने पाठवलेल्या आकड्यावर ती आतल्या आत सही करून देते. उद्योजकांची निकड आजची असेल, तर त्यांना हा मार्ग आज सांगावा आणि विद्यार्थ्यांचे संशोधन त्याच्या समांतर चालू ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट अशी की बोर्ड ओळखता आला म्हणजे नक्कल थांबली असे होत नाही. सर्व्हरची गरजच नसलेला, नुसत्या मिस्ड कॉलवर मोटर चालू करणारा स्टार्टर नक्कल करणारा विकू शकतो, आणि त्याला पफ किंवा सुरक्षित चिप अडवत नाही. अशा स्टार्टरमध्ये फोन करणाऱ्याचा नंबर पाहून मोटर चालू होते, आणि फोनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो, हा धोका शेतकऱ्याच्या दृष्टीने नकलेपेक्षा मोठा आहे. भर रात्री कोणी तिसऱ्यानेच कोरड्या विहिरीतली मोटर चालू केली तर नुकसान त्याचेच होते. म्हणून अस्सल बोर्ड कोणता हे सर्व्हरला कळणे आणि आज्ञा अस्सल सर्व्हरकडूनच आली हे बोर्डाला कळणे, या दोन्ही पडताळण्या एकत्र आखाव्यात. प्रत्येक आज्ञेबरोबर वाढता क्रमांक आणि किल्लीने काढलेला पडताळणी-संकेत गेला, तर जुनी आज्ञा पुन्हा वाजवूनही काही साधत नाही.

पंचगंगाकाठ

दोघांचेही आभार. उद्योजकांना सुरक्षित चिपचा मार्ग सुचवण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि आज्ञेच्या पडताळणीचा मुद्दा आमच्या विचारात आलाच नव्हता, तो प्रकल्पात घेत आहोत. तरी संशोधनाच्या बाजूने एक शंका उरते. जोड्या मोजक्याच बाहेर जाव्यात अशी व्यवस्था नेमकी कशी करतात? पफच्या आधी आणि नंतर हॅश, म्हणजे उलट न काढता येणारे गणिती मिश्रण, लावण्याची पद्धत वाचनात आली. ती लावली तर मॉडेलचा हल्ला पूर्णपणे बंद होतो का? आणि आमच्या रचनेवर आम्ही स्वतः हल्ला करून पाहिला तो पुरेसा कसोशीचा होता, हे कशावरून ठरवावे?

विलंबरेषा यांचे उत्तर

मी पफवरच संशोधन करते. तुमच्या तिन्ही शंका परस्परांत गुंतलेल्या आहेत, म्हणून एकत्रच लिहिते.

जोड्या रोखण्याची सर्वांत विचारपूर्वक मांडलेली पद्धत म्हणजे २०१६ सालची लॉकडाउन पद्धत. तिच्यात आधी सर्व्हरने स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि ती पटल्याखेरीज चिप एकही नवा रिस्पॉन्स बाहेर सोडत नाही. शिवाय चॅलेंजचा काही भाग सर्व्हर देतो आणि काही भाग चिप स्वतः यादृच्छिकपणे ठरवते, त्यामुळे एकच चॅलेंज पुन्हा पुन्हा विचारता येत नाही. वर बेकर यांचा जो हल्ला सांगितला आहे, त्याचा आधारच असा काढून घेतला जातो. आयुष्यभरात किती जोड्या बाहेर जातील याची वरची मर्यादा सर्व्हर ठरवतो, आणि ती मर्यादा मॉडेलला लागणाऱ्या जोड्यांपेक्षा बरीच खाली ठेवायची असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की स्टार्टर किती वर्षे चालेल आणि दिवसाला किती पडताळण्या होतील हे गणित आधी मांडावे लागते. शिवाजीपेठ_सर्किट यांनी वर केलेल्या हिशेबावरून दिसतेच की रोज दोनदा पडताळणी करणाऱ्या उपकरणाला अशी मर्यादा फार लवकर अपुरी पडेल. कधीतरीच तपासायच्या वस्तूंसाठी, जसे की सुटा भाग अस्सल आहे का हे बसवताना एकदा पाहण्यासाठी, ही पद्धत योग्य आहे. तुमच्या स्टार्टरसाठी ती मला योग्य वाटत नाही.

हॅश लावलेल्या रचनेला नियंत्रित पफ म्हणतात, आणि तीही २००२ सालापासून ज्ञात आहे. चॅलेंज आधी हॅशमधून जात असल्यामुळे हल्लेखोराला सोयीचे चॅलेंज निवडता येत नाही, आणि उत्तरही हॅश होऊन बाहेर पडत असल्यामुळे मॉडेलला शिकायला कच्चा बिट मिळत नाही. अडचण अशी की हॅशला एक बिटही चुकलेला चालत नाही. त्यामुळे उत्तर हॅशमध्ये जाण्यापूर्वी त्यातील चुका दुरुस्त कराव्या लागतात, आणि दुरुस्तीसाठी लागणारी सहायक माहिती चिपबाहेर साठवावी लागते. ती माहिती गुप्त नसते. तिच्यातून पफविषयी काही अंश कळतो, आणि ती बदलून चिप कशी वागते हे पाहत पाहत किल्ली काढण्याचे हल्ले प्रसिद्ध आहेत. तेव्हा सहायक माहितीत कोणी फेरफार केला आहे का, हे चिपने तपासलेच पाहिजे. मॉडेलचा थेट हल्ला या रचनेत बंद होतो असे म्हणता येईल, पण धोका संपत नाही, तो सहायक माहितीकडे सरकतो.

आणि इथेच मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न येतो. चिपमध्ये हॅश आणि चूक-दुरुस्ती दोन्ही बसवण्याइतकी जागा आहे, तर आर्बिटर पफ आणि त्याची असंख्य चॅलेंज हवीतच कशाला? पफमधून एकच स्थिर किल्ली काढावी आणि पुढची सगळी पडताळणी नेहमीच्या क्रिप्टोग्राफीने करावी. त्यासाठी एसरॅम पफ, म्हणजे चिपमधील साध्या रॅम-स्मृतीवर आधारलेला पफ, पुरतो. वीज सुरू होताच एसरॅमच्या प्रत्येक पेशीत ० किंवा १ जो आपोआप उमटतो, तो त्या चिपचा ठसा असतो. यात रिस्पॉन्स चिपबाहेर जातच नाही, म्हणून मॉडेलला शिकण्यासाठी जोडीच उरत नाही. पडताळणी-संकेतासाठी हलक्या क्रिप्टोग्राफीचा अल्गोरिदम अ‍ॅस्कॉन वापरता येईल. हलक्या उपकरणांसाठी अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०२३ साली त्याचीच निवड केली, आणि तो साध्या मायक्रोकंट्रोलरवरही चालतो.

विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आर्टिक्स-७ चा ब्लॉक रॅम कॉन्फिगरेशनच्या वेळी ठरावीक मूल्यांनी भरला जातो, त्यामुळे तिथे हा ठसा सरळ मिळत नाही. मायक्रोकंट्रोलरवर मिळतो, पण प्रोग्रॅमचा सुरुवातीचा भाग रॅम शून्याने भरून टाकण्यापूर्वी तो वाचून घ्यावा लागतो. त्यासाठी लिंकरच्या (प्रोग्रॅमला मेमरीत जागा ठरवून देणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये रॅमचा एक पट्टा अस्पर्श राखून ठेवावा. वीज गेल्याबरोबर लगेच परत आली, तर रॅममध्ये जुनीच मूल्ये काही अंशी शिल्लक राहतात आणि ठसा चुकीचा येतो. आपल्याकडे वीज जशी येते-जाते ते पाहता हा मुद्दा कागदोपत्री न राहता रोज समोर येईल. ठसा वाचून झाल्यावर त्या पट्ट्यात त्याचीच उलटी मूल्ये लिहून ठेवली, तर ट्रान्झिस्टर जुने होताना ठसा बिघडत न जाता उलट पक्का होत जातो.

तुमच्या एफपीजीएविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. बोर्ड हल्लेखोराच्या हाती असेल, तर तो जेटॅगमधून, म्हणजे चिप तपासण्याच्या जोडणीतून, स्वतःची बिटस्ट्रीम (एफपीजीएची आतली जोडणी ठरवणारी फाइल) भरून एक्सऑरच्या आतल्या साखळ्या सुट्या वाचण्याचा प्रयत्न करू शकतो, आणि मग चार साखळ्या शिकणे म्हणजे एकच साखळी चार वेळा शिकणे होय. बिटस्ट्रीम एन्क्रिप्ट करणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय, पण आर्टिक्स-७ ज्या पिढीतील आहे त्या पिढीच्या एन्क्रिप्शनवर २०२० साली स्टारब्लीड नावाचा हल्ला प्रसिद्ध झाला, आणि दोष सिलिकॉनमध्येच असल्यामुळे तो नंतर दुरुस्त करता येत नाही. प्रयोगशाळेसाठी हा बोर्ड चांगलाच आहे. त्यावरच्या पफला उत्पादनातील सुरक्षेचा आधार मात्र मानू नये.

आता कसोशीबद्दल. पफ सुरक्षित असल्याचे दावे तपासताना मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी उणीव अशी की मॉडेलला चॅलेंजचे कच्चे बिट दिलेले असतात. ते शिकले नाही की ‘अचूकता ५० टक्केच आली, म्हणून रचना सुरक्षित’ असा निष्कर्ष काढला जातो. वर सांगितलेला चिन्हांचा गुणाकार करून तेच मॉडेल चालवले, तर निकाल पूर्ण बदलतो. म्हणून हल्ला करणाऱ्याला तुमच्या रचनेची संपूर्ण माहिती आहे, तिच्यातील वजने तेवढी त्याला ठाऊक नाहीत, असे धरूनच चाचणी घ्यावी. डळमळीत उत्तरांवरचा हल्ला त्यात असलाच पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक चॅलेंज अनेकदा विचारून मिळालेली सगळी उत्तरे जपून ठेवावीत. बहुमताने त्यांतले एकच उत्तर ठेवून बाकीची टाकून दिली, तर नेमकी तीच माहिती हरवते. एफपीजीएवर दोन्ही मार्गांची तारजोडणी तंतोतंत सारखी बसवणे कठीण असते, त्यामुळे पफ एकाच बाजूला झुकतो. रिस्पॉन्समध्ये ७० टक्के १ येत असतील, तर काहीही न शिकता सतत १ म्हणणारे मॉडेलही ७० टक्के बरोबर ठरते, म्हणून अचूकतेच्या शेजारी हा झुकाव नेहमी लिहावा. पायपफ नावाची मुक्त पायथन लायब्ररी आहे. तिच्यात या रचना आणि त्यांच्यावरचे बरेच हल्ले तयार मिळतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना आपला निकाल इतरांच्या निकालाशी ताडून पाहता येईल. आपल्याकडे आयआयटी खरगपूरमधील गटाने पफची रचना आणि त्यावरचे हल्ले या दोन्ही बाजूंनी दीर्घकाळ काम केले आहे. त्यांचे शोधनिबंधही विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावेत.

शिवाजीपेठ_सर्किट

विलंबरेषा यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. किल्ली काढण्यापुरता पफ आणि बाकी सारी क्रिप्टोग्राफी, हाच या प्रकल्पाचा मार्ग असावा. एसरॅमचा ठसाही अभेद्य आहे असे मात्र विद्यार्थ्यांना शिकवू नये. २०१३ साली एका संशोधन-गटाने आयन-झोताच्या उपकरणाने दुसऱ्या चिपमध्ये फेरबदल करून एसरॅम पफची भौतिक नक्कल करून दाखवली होती. अशी उपकरणे महागड्या प्रयोगशाळांत असतात, आणि एका स्टार्टरसाठी कोणी तो खर्च करणार नाही. पण ‘नक्कल अशक्य’ आणि ‘नक्कल परवडत नाही’ यांतला फरक प्रबंधात स्पष्ट लिहिलेला असावा.

आणखी एक बाब नोंदणीची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या कित्येक मोटारी आणि स्टार्टर पाण्याखाली गेले. अशा वेळी एकाच आठवड्यात शेकडो बोर्ड बदलावे लागतात, आणि ते कारखान्यात न बदलता गावातला वायरमनच बदलतो. बदललेला बोर्ड कोणत्या शेतकऱ्याच्या खात्याला जोडायचा हे सर्व्हरला सांगण्याची वाट त्या वेळी उघडावी लागेल, आणि ती सैल राहिली तर नकली बोर्ड तिथूनच आत येतील. म्हणून बोर्डाची ओळख कारखान्यातच सर्व्हरवर नोंदवावी, आणि गावात फक्त त्या नोंदलेल्या बोर्डाची जोडणी खात्याशी व्हावी, तीही शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलेल्या संकेताने त्याने संमती दिल्यावर. जुना बोर्ड त्याच क्षणी रद्द झाला पाहिजे, कारण पुरातून काढलेले बोर्ड वाळवून पुन्हा विकले जातात.

ठशाची मोजणी करताना बोर्ड वातानुकूलित प्रयोगशाळेत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या पेटीत, खऱ्या शेती-फीडरवर ठेवून वाचने घ्या, आणि चूक-दुरुस्तीचा कोड त्या वाचनांवरून निवडा. शिरोळकडच्या एखाद्या उपसा योजनेने पंपघराची परवानगी दिली, तर ते काम या उन्हाळ्यातच होऊ शकेल. हवे असल्यास मी सुट्टीच्या दिवशी येऊन मांडणीला मदत करीन.